गंजिफापासून ब्लॉकचेनपर्यंत: पत्ता कोणाचा, डाव कोणाचा?

भिलाईच्या सेक्टर २ मधून मी तुमच्याशी बोलतोय. या मालिकेत आपण बहुतेक वेळा मोहिमा, किल्ले आणि जुन्या वाटा यांच्याबद्दल बोलतो. आज विषय आहे पत्त्यांचा. आमच्या स्ट्रीटवरच्या एका ताईंनी मला विचारलं, "काका, मुलगा मोबाईलवर पत्ते खेळतो आणि म्हणतो हे पत्ते विकता येतात. पहिल्या पगारातले पैसे घालू का, असं विचारतोय. हा खेळ आहे की जुगार?" प्रश्न एका घराचा नाही. नागपूरहून, बेळगावहून, इंदूरहूनही तुमच्यापैकी अनेकांनी हेच विचारलं आहे. म्हणून आज इतिहास सांगतो, आणि त्यातूनच नवख्या खेळाडूसाठी चार गोष्टी काढतो.

सुरुवात आपल्या घरापासून करू. सावंतवाडीची गंजिफा तुम्ही पाहिली असेल. गोल पत्ते, त्यावर लाखेची चकाकी आणि हातानं रंगवलेले दशावतार. गंजिफा भारतात आली ती मध्य आशिया आणि इराणच्या वाटेनं. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलनं 'ऐन-इ-अकबरी'त अकबराच्या पत्त्यांचं वर्णन केलं आहे. पुढे मोगली गंजिफा ९६ पत्त्यांची झाली, आठ रंग आणि प्रत्येक रंगात बारा पत्ते. आपल्याकडे तिला दशावतारांचं रूप मिळालं आणि पत्ते झाले १२०. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतचे पत्ते. पाच रंगांत दहा मोठा, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा! दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची पहिली उतारी, रात्री असेल तर कृष्णाच्या राजाची. १२० पत्त्यांपैकी कोणते पडून गेले हे लक्षात ठेवेल तो जिंकेल. असा हा डोक्याचा खेळ.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण आजच्या सगळ्या बोलण्याचं मूळ तिच्यात आहे. गंजिफा दोन प्रकारची असायची. राजेरजवाड्यांसाठी हस्तिदंताची, सोन्याच्या कामाची, तिला दरबार कलम म्हणत. सामान्यांसाठी कापडाच्या किंवा कागदाच्या थरांची, तिला बाजार कलम म्हणत. पण डावात हस्तिदंताचा प्रधान आणि कागदाचा प्रधान सारखाच. राजापुढे दोघंही हरतात.

मग छापलेले स्वस्त बावन्न पत्ते आले आणि गंजिफा खेळणारे कमी कमी होत गेले. विसाव्या शतकात सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागिरांना जागा देऊन ही कला पुन्हा उभी केली. त्यांनी रंग वाचवला, हात वाचवला. आज गंजिफा कौतुकानं विकत घेतली जाते, भेट दिली जाते. पण ती मांडून रात्रभर डाव खेळणारं घर शोधायला निघालात तर फार चालावं लागेल. पत्ता उरला, खेळाडू गेले. म्हणजे तो आता शोभेची वस्तू झाला. हे सूत्र पकडून ठेवा.

आता एकदम अमेरिकेत जाऊ. १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणिताच्या माणसानं 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ आणला. तोपर्यंत पत्त्यांचा कॅट सगळ्यांचा सारखा असे. इथे प्रत्येकानं पाकिटं विकत घ्यायची, त्यात काय निघेल ते नशीब, आणि निघालेल्या पत्त्यांतून आपला संच बांधायचा. नको तो पत्ता मित्राला द्यायचा, हवा तो घ्यायचा. दुर्मीळ पत्त्यांना भाव आला. १९९५ मध्ये कंपनीनं जुने पत्ते 'क्रॉनिकल्स' नावाच्या मालिकेत पुन्हा छापले, तेव्हा जमवणारे संतापले, कारण त्यांच्या पत्त्यांचे भाव पडले. १९९६ मध्ये कंपनीला यादीच जाहीर करावी लागली, की हे पत्ते पुन्हा छापणार नाही. म्हणजे दुर्मीळपणा हा छापणाऱ्याच्या शब्दावर उभा होता.

याच पत्त्यांनी पुढे आणखी एक इतिहास घडवला. 'मॅजिक'च्या पत्त्यांची ऑनलाइन देवघेव करण्यासाठी एकानं एक नाव नोंदवलं होतं, माउंट गॉक्स. 'मॅजिक: द गॅदरिंग ऑनलाइन एक्स्चेंज' याची ती आद्याक्षरं. २०१० मध्ये तिथे पत्त्यांऐवजी बिटकॉइनचा बाजार सुरू झाला आणि तो जगातला सर्वांत मोठा ठरला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तो बुडाला. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं, त्यातली दोन लाख नंतर सापडली. लोकांनी आपलं धन दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवलं होतं.

आता ब्लॉकचेन म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. गावात जमिनीची नोंद एका तलाठ्याच्या दप्तरात असते. समजा त्या दप्तराची प्रत गावातल्या प्रत्येक घरात आहे, आणि फेरफार झाला की तो सगळ्यांच्या प्रतीत एकदम चढतो. एकट्यादुकट्याला खाडाखोड करता येत नाही. हे ब्लॉकचेन. यावर पत्त्यांची नोंद ठेवायचे प्रयोग २०१५ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या 'स्पेल्स ऑफ जेनेसिस'नं केले. २०१७ च्या शेवटी 'क्रिप्टोकिटीज' नावाच्या मांजरांच्या खेळानं इथेरियमची वाट अक्षरशः तुंबवली. २०१८ मध्ये 'स्टीम मॉन्स्टर्स' आला, तोच आजचा 'स्प्लिंटरलँड्स'. सिडनीच्या कंपनीचा 'गॉड्स अनचेन्ड' त्याच काळातला.

भिलाईकरांना हे क्वार्टरच्या उदाहरणानं पटकन कळेल. साध्या मोबाईल खेळातला पत्ता म्हणजे सेक्टरमधलं क्वार्टर. राहा, रंग द्या, बाग करा, पण अलॉटमेंट कारखान्याची. नोकरी संपली की किल्ली परत. ब्लॉकचेनवरचा पत्ता म्हणजे तुमच्या नावावरचा प्लॉट. विकता येतो, भाड्यानं देता येतो, कंपनी काढून घेऊ शकत नाही. पण प्लॉटकडे जाणारा रस्ता, पाणी, वीज, म्हणजे खेळाचे नियम, सर्व्हर आणि स्पर्धा, हे सगळं कंपनीच्याच हातात. कंपनीनं खेळ बंद केला तर तुमच्या हाती राहील ओसाड माळावरचा प्लॉट. कागद पक्का, भाव शून्य. सावंतवाडीच्या पत्त्याला निदान कारागिराचा हात तरी आहे. मोबाईलवरच्या चित्राला तेवढंही नाही.

तर नवख्या खेळाडूंनो, आता क्रमानं.

पहिली गोष्ट, आधी रेकी करा. नव्या इलाक्यात गेल्यावर फौजी आधी जमीन पाहतो, तंबू नंतर ठोकतो. 'गॉड्स अनचेन्ड'मध्ये सुरुवातीचे पत्ते फुकट मिळतात. महिनाभर त्यांच्यावरच खेळा. खेळ आवडला नाही तर तुमचं काही गेलं नाही. आणि खेळायला माणसं आहेत का ते पाहा. डाव सुरू केल्यावर समोरचा भिडू लगेच मिळतो की वाट पाहावी लागते? ही एक खूण भावाच्या दहा आलेखांपेक्षा जास्त सांगते.

दुसरी गोष्ट, संच बांधायला शिका. 'गॉड्स अनचेन्ड'मध्ये तीस पत्त्यांचा संच असतो आणि सहांपैकी एक देवता निवडायची असते. पत्ता टाकायला शक्ती लागते, ती पाळीगणिक वाढत जाते. नवखा माणूस सगळे भारी पत्ते भरतो आणि पहिल्या चार पाळ्या हात बांधून बसतो. तोवर समोरचा घरात शिरलेला असतो. हलके पत्ते पुरेसे ठेवा, भारी मोजकेच.

तिसरी गोष्ट, रचना समजून घ्या. 'स्प्लिंटरलँड्स'मध्ये आधी नायक आणि त्याच्या मागे सहापर्यंत सैनिक लावायचे असतात. लढाई मग आपोआप होते. म्हणजे जिंकणं-हरणं मांडणीतच ठरतं. हातघाईचा सैनिक सहसा पहिल्या जागेवरूनच वार करतो. बाण मारणाऱ्याला पहिल्या जागेवर उभं केलंत तर तो सहसा गप्प उभा राहतो. जादूचा वार चिलखताला जुमानत नाही, थेट जिवाला लागतो. तेव्हा पुढे सोसणारा दणकट गडी, मागे तिरंदाज आणि जादूगार. पायदळ पुढे, तोफखाना मागे! शिवाय प्रत्येक लढाईत किती शक्ती वापरायची याची मर्यादा आणि नियम बदलतात. नियम वाचल्याशिवाय मांडणी करू नका.

चौथी गोष्ट, चकाकीला भुलू नका. 'गॉड्स अनचेन्ड'मध्ये तोच पत्ता साधा, सोनेरी आणि हिऱ्याच्या झळाळीचा मिळतो. डावात ताकद सारखीच. दरबार कलम आणि बाजार कलम आठवतंय ना? शिकणाऱ्यानं बाजार कलमच घ्यावी. बंद पाकिटापेक्षा हवा तो एक पत्ता बाजारातून घेणं बहुधा स्वस्त पडतं. आणि 'स्प्लिंटरलँड्स'मध्ये पत्ते भाड्यानंही मिळतात. आधी भाड्यानं चालवून पाहा.

पाचवी गोष्ट माझ्या धंद्यातली. मी फौजेत सिग्नल्समध्ये होतो. संदेश कितीही गुप्त असो, कोड बुक शत्रूच्या हाती पडलं की सगळं संपलं. इथे तुमचं कोड बुक म्हणजे पाकिटाची किल्ली किंवा ते बारा शब्द. 'स्प्लिंटरलँड्स' ज्या हाइव्ह साखळीवर चालतो तिथे किल्ल्या वेगवेगळ्या असतात. रोजच्या खेळाची वेगळी, देवघेवीची वेगळी आणि मालकीची वेगळी. खेळायला खेळाचीच किल्ली वापरा. मालकीची कागदावर लिहून कपाटात ठेवा, फोनमध्ये फोटो नको. मदत करतो म्हणून कोणी ते शब्द मागितले तर तो चोर, मग तो कितीही गोड बोलो. आणि मोठे पहारेही फुटतात. मार्च २०२२ मध्ये 'ॲक्सी इन्फिनिटी' या खेळाची रोनिन साखळी लुटली गेली. नऊ पहारेकऱ्यांपैकी पाचांच्या किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या आणि साठ कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली. हल्ला कळायला सहा दिवस लागले!

त्याच 'ॲक्सी'नं शिकवलेली सहावी गोष्ट. या खेळात रोज खेळून नाणी मिळत. २०२१ मध्ये फिलिपिन्समध्ये अनेकांनी तीच रोजीरोटी मानली. नाण्याचा भाव त्या उन्हाळ्यात तीस सेंटच्या वर गेला होता, वर्षभरात तो एका सेंटच्याही खाली आला. नवीन येणारे जोवर पैसे आणत होते तोवर जुन्यांची कमाई चालली. 'खेळा आणि कमवा' असं कोणी म्हणालं की एकच विचारा: मी कमावणार ते पैसे कोणाच्या खिशातून येणार?

आता कायद्याचं. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर आपल्याकडे ३० टक्के कर आहे, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे एका पत्त्यावर हजार मिळाले आणि दुसऱ्यावर हजार गेले, तरी पहिल्या हजारावर कर आहेच. प्रत्येक देवघेवीची वही ठेवा. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. जिंकण्याच्या आशेनं पैसे लावायचे, तो खेळ कौशल्याचा असला तरी त्यात येतो. म्हणून बक्षिसासाठी प्रवेश फी भरायची स्पर्धा दिसली की मागे फिरा.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हरलेल्या डावानंतर मुलगा "मी कुठे चुकलो" असं म्हणत असेल, तर तो खेळतोय. "आज भाव किती पडला" असं म्हणत असेल, तर तो जुगारात शिरलाय. पगारातून घालायचेच असतील तर सिनेमाच्या तिकिटाइतके, आणि ते गेले असं धरूनच. कर्ज काढून, उसने घेऊन किंवा वडिलांच्या ग्रॅच्युइटीतून एक रुपयासुद्धा नाही. आणि त्याच्याशेजारी बसून एक डाव तुम्हीही खेळून बघा, म्हणजे तो काय बोलतो ते तुम्हाला कळेल.

कोणाच्या घरी जुनी गंजिफा असेल आणि खेळणारं कोणी वडीलधारं असेल, तर नियम आजच लिहून घ्या. चित्रं जपणारे आहेत, डाव सांगणारे कमी उरलेत. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.