फोटोत काय आहे, ते सांगा ना!

आज गोष्ट एका छोट्याशा ओळीची. ऑल्ट टेक्स्ट म्हणतात तिला. ही ओळ फोटोच्या मागे असते. बघणाऱ्याला ती दिसत नाही, पण दृष्टिहीन माणसाच्या फोनमधलं टॉकबॅक ती वाचून दाखवतं. ओळच नसेल तर फोन नुसतं "इमेज" म्हणतो आणि पुढे सरकतो.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. राजापेठेतून गाडी काढली की तास-सव्वा तासात चांदूर बाजार तालुक्यातलं माधान येतं. संत गुलाबराव महाराजांचं गाव. जन्म १८८१ चा, आणि वर्षाचे व्हायच्या आतच दृष्टी गेली. १९१५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते वारले. पण तेवढ्यात शंभराहून जास्त ग्रंथ झाले, मराठीत, संस्कृतात, हिंदीत. डार्विन आणि स्पेन्सरच्या मतांचाही त्यांनी समाचार घेतला. हे जमलं कसं? कोणीतरी वाचायचं, महाराज ऐकायचे. मग महाराज सांगायचे आणि कोणीतरी उतरवून घ्यायचं. लोक याला चमत्कार म्हणतात. मला मात्र त्यात ती वाचणारी माणसंच जास्त दिसतात. त्यांची नावं घेतो कोण?

आता पुस्तक वाचून दाखवणं त्या मानानं सोपं. अक्षरं आहेत तशी म्हणायची. चित्र, नकाशा, आलेख आला की पंचाईत होते, कारण काय सांगायचं आणि काय सोडायचं हे सांगणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

वेबवर चित्रं रुळायला लागली ती १९९३ मध्ये. मार्क अँड्रीसननं त्या फेब्रुवारीत "इमेज टॅग"ची सूचना मांडली. तेव्हा लिंक्ससारखे ब्राउझर फक्त अक्षरं दाखवायचे. लाइनही इतकी मंद, की लोक चित्रं बंदच करून ठेवत. त्या रिकाम्या चौकोनात काय लिहायचं? त्यासाठी आली ही ऑल्टची ओळ. म्हणजे तिचा उगम काही फक्त अंधांसाठी झालेला नाही. डोळस लोकांच्या अडचणीतूनही ती आली! नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० च्या नियमांत ती छापली गेली. आपल्याकडे व्हीएसएनएलचं इंटरनेट त्याच वर्षी १५ ऑगस्टला सुरू झालं होतं. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये ओळ सक्तीची झाली. मे १९९९ मध्ये वेब सुगम करण्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांतला पहिलाच मुद्दा हा.

सक्ती झाली खरी, पण लोक काय लिहायचे? "चित्र". "फोटो १". याला काय अर्थ आहे बाप्पा?

एक उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेतल्या साक्षरतेचा स्तंभालेख आहे. मागे ओळ लिहिली, "साक्षरता आलेख". ऐकणाऱ्याच्या हाती शून्य. त्याऐवजी लिहा: "स्तंभालेख, २०११ ची साक्षरता: अकोला जिल्हा सुमारे ८८ टक्के, अमरावती ८७, महाराष्ट्र ८२. दोन्ही जिल्हे राज्याच्या पुढे." संपलं. स्तंभ निळे की हिरवे, त्याची गरज नाही. आकडे जास्त असतील तर ओळीत मुख्य कल सांगायचा आणि खाली तक्ता द्यायचा. तोच आलेख रंगसंगती शिकवायला वापरला असेल, तर मात्र रंगच सांगावे लागतील. एकाच चित्राची ओळ जागेनुसार बदलते. २०१६ मध्ये फेसबुकनं हे काम मशीनकडे दिलं, तर ते "झाड, आकाश, दोन माणसं" असं मोजून मोकळं व्हायचं. मशीन्स आता बरीच हुशार झालीत, पण तुम्ही तो फोटो का टाकला हे तुम्हालाच माहीत असतं.

कायदाही आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

आणि आपल्या ग्रुपवर? परीक्षेच्या वेळापत्रकाचा फोटो येतो. कापसाच्या भावाचं कार्ड येतं. त्यातली अक्षरं चित्रात अडकलेली. राजापेठेतल्या अभ्यासिकेत बसणारा दृष्टिहीन पोरगा मग शेजारच्याला विचारतो, "भाऊ, पेपर किती तारखेला आहे, सांग ना." शेजारी नसेल तर थांबतो. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवताना खाली कॅप्शनची जागा असते. तारीख, वेळ, केंद्र तिथे टाइप करायला अर्धा मिनिट लागतं.