साडेतीनशेचा क्रँक

एका ‘साडेतीनशे’चा क्रँकशाफ्ट दुसऱ्या ‘साडेतीनशे’त बसतोच, ही समजूत बुलेटवाल्यांमध्ये जुनी आहे आणि ती अगदी निराधार नाही. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक आणि त्यातून येणारे ३४६ सीसी हे आकडे इंग्लंडमधल्या रेडिचहून मद्रासला आले आणि अर्धशतकाहून अधिक काळ तसेच राहिले. त्या काळात इंजिन मात्र बदललं, तेही एकापेक्षा जास्त वेळा. बुलेट एवढी वर्षं रस्त्यावर टिकली याचं श्रेय आपण कारखान्याच्या सातत्याला देतो. माझ्या मते त्यातला मोठा वाटा हातात मायक्रोमीटर घेऊन ‘हा भाग याच इंजिनाचा आहे का’ असं विचारणाऱ्या मिस्त्रीचा आहे.

सुरुवातीचं सातत्य खरंच होतं. १९५०च्या दशकात भारत सरकारने लष्करासाठी ८०० बुलेट मागवल्या. १९५५मध्ये बुलेट बनवणारी रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एन्फिल्ड इंडिया उभी केली. तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात आधी इंग्लंडहून आलेले सुटे भाग जोडून गाड्या तयार होत. १९५७मध्ये भाग बनवण्याची हत्यारंच इकडे आली आणि १९६२पर्यंत सगळे भाग इथे बनू लागले. एखाद्या यंत्राचं नुसतं रेखाचित्र आणणं आणि ते घडवणारी जिग, साचे, गेज आणणं यांत फार अंतर आहे. रेखाचित्रात माप असतं, पण ते माप हजाराव्या नगातही तेच यावं याची सोय हत्यारांत असते. इंग्लंडमध्ये बुलेट बनणं थांबलं, तरी तिची मापं इथे जिवंत राहिली ती यामुळे. पण हत्यारं झिजतात, भाग पुरवणारे बदलतात, सहा व्होल्टची वायरिंग जाऊन बारा व्होल्टची येते, पुढे काही मॉडेलांना सेल्फ स्टार्ट बसतो. यातल्या प्रत्येक बदलाची खूण क्रँकच्या टोकांवर उमटण्याची शक्यता असते, कारण अल्टरनेटरचा रोटर, प्रायमरी चेनचं स्प्रॉकेट, टायमिंगचं पिनियन आणि ऑइल पंप फिरवणारा वर्म हे सगळे तिथेच बसतात.

क्रँक म्हणजे नक्की काय, हे इथे पाहायलाच हवं. ट्रकचा क्रँकशाफ्ट एकसंध घडवलेला असतो. पुण्यात मुंढव्याला भारत फोर्जने नाव कमावलं ते अशाच फोर्जिंगमध्ये. जुन्या बुलेटचा क्रँक मात्र जोडलेला असतो: दोन जड फ्लायव्हील, त्यांच्यामधून जाणारी क्रँकपिन, पिनेवर कनेक्टिंग रॉडचा बिग एंड, आणि दोन्ही बाजूंनी करकचून आवळलेले नट. बिग एंडमध्ये रोलर नसतात. तिथे मोकळा फिरणारा बुश असतो. रॉड आणि बुश, बुश आणि पिन अशा दोन्ही ठिकाणी तेलाची पातळ फिल्म राहील एवढीच फट लागते. हे तेल टायमिंगच्या बाजूने शाफ्टमध्ये शिरतं आणि आतल्या भोकांतून पिनेपर्यंत पोचतं. नवी पिन टाकताना तिचं भोक फ्लायव्हीलच्या भोकासमोर आलं नाही, तर इंजिन चालू होईल, आवाजही गोड येईल, आणि काही अंतरावर बुश पिनेला धरेल. म्हणून जाणता मिस्त्री पिन दाबण्याआधी त्या भोकातून तेल मारून ते पलीकडे येतं का हे पाहतो. मग दोन सेंटरांच्या मध्ये क्रँक धरून हळूहळू फिरवतो आणि डायल गेजचा काटा किती हलतो ते बघतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा तो हिशेब असतो. काटा जास्त हलला तर फ्लायव्हीलच्या कडेवर तांब्याच्या हातोडीचा एक ठोका, की पुन्हा काटा. रॉड वर-खाली हलवून प्ले पाहायचा, बाजूची फट फीलर गेजने मोजायची, आणि मगच केस बंद करायची.

आकड्यांवर विसंबणारा माणूस सगळ्यात जास्त फसतो तो पाचशेच्या बाबतीत. पाचशेच्या बुलेटचा बोअर ८४ असला, तरी स्ट्रोक तोच ९० आहे. तेव्हा क्रँक एकच असणार, असा तर्क कुणीही करेल. पण ८४चा पिस्टन जड असतो आणि फ्लायव्हीलचा तोल पिस्टनच्या वजनाला धरून साधलेला असतो. तोल चुकला की गाडी एका ठरावीक वेगाला हँडलपासून फूटरेस्टपर्यंत थरथरते. शिवाय बॅरलचा खालचा गळा केसच्या तोंडात बसतो, त्यामुळे मोठ्या बॅरलला तोंडही मोठं लागतं. पुढे २००९च्या आसपास गिअरबॉक्स आणि इंजिन एकाच केसमध्ये असलेलं नवं इंजिन आलं. त्याच्या साडेतीनशेचेही आकडे ७० आणि ९० असेच राहिले, पण जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाचा क्रँक त्यात बसत नाही. २०२०च्या मीटिऑर या मॉडेलापासून तर बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८ झाला, सीसी ३४९. लोकांच्या तोंडी नाव अजूनही ‘साडेतीनशे’च आहे.

मोजून जुळवणाऱ्या मिस्त्रीला असं श्रेय देण्यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. ज्या भागाला जुळवावं लागतं तो नीट बनलेलाच नाही, असं अभियांत्रिकीचं शास्त्र सांगतं. १९०८मध्ये इंग्लंडच्या ब्रुकलँड्सला तीन कॅडिलॅक मोटारी सुट्या करून त्यांचे भाग एकत्र मिसळले, काही भाग साठ्यातले नवे घेतले, पुन्हा तीन गाड्या जोडल्या आणि त्या ५०० मैल पळवल्या. कानस न लावता हे जमलं म्हणून कंपनीला ड्यूअर करंडक मिळाला. मग बुलेटच्या मिस्त्रीचं कौतुक म्हणजे कारखान्याच्या उणिवेचंच कौतुक नव्हे का? काही अंशी हो, आणि ते कबूल करायला हवं. मद्रासचे सगळे भाग ब्रुकलँड्सच्या कसोटीला उतरले असते, असं कुणी म्हणणार नाही. पण ती कसोटी एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षीच्या, नव्या गाड्यांची होती. वीस वर्षं चाललेल्या केसमध्ये दहा वर्षांनी बनलेला क्रँक बसवायचा असतो, तेव्हा बेअरिंगचं घर किती मोठं झालंय हे कुठल्याच कारखान्याच्या कागदावर लिहिलेलं नसतं. ते मोजावंच लागतं.

दुसरा आक्षेप आजचा आहे: इतका खटाटोप कशाला, अख्खा क्रँक कंपनीचा नवा टाका. आज जे इंजिन बनतंय त्याच्यासाठी मी हा सल्ला बिनदिक्कत मान्य करीन. पण लोखंडी बॅरलचं इंजिन आता बनत नाही. बाजारात त्याच्या नावाने जे किट मिळतं ते कोणत्या सालच्या मापाचं आहे, हे खोक्यावरून कळत नाही. नवी पिन जुन्या पिनेशेजारी ठेवून टेपर, आटे, लांबी आणि भोकाची जागा ताडून पाहिल्याशिवाय ते कळायला दुसरी वाट नाही. म्हणजे झिजलेली जुनी पिन हीच त्या इंजिनाची शेवटची रेखाकृती उरते.

तेव्हा ज्यांच्या घरी जुनी बुलेट आहे त्यांना एवढंच सांगणं आहे: इंजिन खोललं की निघालेला क्रँक त्याच दिवशी भंगारात देऊ नका. मिस्त्रीकडून त्याची मापं घ्या, इंजिन नंबरासह वहीत लिहा, आणि जुनी पिन तेल लावून, कागदात गुंडाळून जपून ठेवा.