मँचेस्टरचा परिसंवाद

मँचेस्टर हें नांव महाराष्ट्रांतील जुन्या पिढ्यांना तलम कापडामुळें ठाऊक झालें. स्वदेशीच्या चळवळींत तर मँचेस्टर म्हणजे विदेशी कापड, असें समीकरणच होऊन बसलें होतें. पुढें त्या शहरांतील गिरण्यांचा दिमाख ओसरला. परंतु इतिहासानें त्याच्या पदरांत आणखी एक मान टाकला. २१ जून १९४८ रोजीं मँचेस्टर विद्यापीठांत, स्वतःच्याच स्मृतिकोशांत साठविलेल्या आज्ञा क्रमानें पाळणारें जगांतील पहिलें इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र चालूं झालें. त्यानंतर छत्तीस वर्षांनीं, सप्टेंबर १९८४ च्या आरंभीं, त्याच शहरांत तीन दिवसांचा एक परिसंवाद भरला. नवें यंत्र जगापुढें मांडणें हा त्याचा हेतु नव्हता. जमलेल्या विद्वानांपुढें प्रश्न एवढाच होता कीं, यंत्राच्या सहवासांत माणसाच्या कामाचें काय होतें हें जाणावयाचें, तर तें कोणत्या रीतीनें? प्रश्न दिसावयास लहान. पण एका नव्या शास्त्राचें आणि त्यांत पाऊल टाकणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांचें भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून होतें.

या शास्त्रास माहिती-प्रणालींचें शास्त्र असें म्हणतां येईल. त्याच्या कथेचा आरंभ प्रयोगशाळेपेक्षां चहाच्या दुकानांतच शोधावा लागतो, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. लंडनची जे. लायन्स ही कंपनी चहा, केक आणि पाव यांचा व्यापार करी व अनेक उपाहारगृहेंही चालवी. अगणित लहानसहान विक्रीचे हिशेब ठेवणें हें तिच्या कचेरीचें मोठें ओझें होतें. १९४७ सालीं कंपनीनें आपले दोन अधिकारी अमेरिकेस धाडले. तेथील नवीं गणकयंत्रें पाहून ते परतले, आणि केंब्रिज विद्यापीठांत चाललेल्या तशाच उद्योगास कंपनीनें ३,००० पौंडांचें साहाय्य केलें. तेथील अनुभवावर तिनें स्वतःचें यंत्र बांधलें व त्याचें नांव ‘लिओ’ असें ठेविलें. १९५१ च्या नोव्हेंबरांत लिओनें बेकरींतील मालाच्या मोलाचा हिशेब नियमानें करण्यास प्रारंभ केला. गणितज्ञांच्या खोलींतला संगणक व्यापारी कचेरींत नांदावयास आला तो असा.

कचेरींत आल्यावर प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. प्रयोगशाळेंतील यंत्रास गणित सोडवावयाचें असतें. कचेरींतील यंत्राभोंवतीं मात्र कारकून, हिशेबनीस, व्यवस्थापक, कामगार-संघ, वरिष्ठांचा दरारा आणि कनिष्ठांची धास्ती असा सगळा संसार असतो. हा संसार ना शुद्ध यंत्रशास्त्राच्या कक्षेंत येई, ना व्यापारशास्त्राच्या. त्यासाठीं निराळी विद्या हवी, ही जाणीव हळूहळू दृढ झाली. स्वीडनमध्यें बॉर्ये लांगेफोर्स यांनीं १९६६ सालीं या प्रणालींचें तात्त्विक विवेचन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत गॉर्डन डेव्हिस यांनीं या विषयांतील डॉक्टरेटचा अभ्यासक्रम उभा केला, व तेथूनच १९७७ सालीं या विषयाचें त्रैमासिक निघूं लागलें. त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय माहितीप्रक्रिया महासंघानें, माहिती-प्रणाली आणि संस्था यांच्या परस्परसंबंधांचा विचार करण्यासाठीं एक कार्यगट स्थापन केला. मँचेस्टरचा परिसंवाद भरविला तो याच कार्यगटानें.

नवें शास्त्र हें गांवांत नव्यानें राहावयास आलेल्या कुटुंबासारखें असतें. त्याचें कुळ कोणतें, रीतभात कोणती, याची चौकशी शेजारी आधीं करतात. १९८० सालीं फिलाडेल्फिया येथें या विषयाची पहिली मोठी परिषद भरली, तेव्हां पीटर कीन यांनीं ही चौकशी स्वकीयांसमोरच मांडली. आपण कोणत्या जुन्या शास्त्रांचा आधार घ्यावयाचा, नेमकें मोजावयाचें तें काय, आणि एकाच्या संशोधनावर दुसऱ्याचें संशोधन रचलें जाऊन परंपरा कशी निर्माण व्हावयाची, असे त्यांचे प्रश्न होते. प्रत्येकानें आपापली चूल मांडली तर त्यास शास्त्र कोण म्हणेल, ही खंत त्यांच्या मुळाशीं होती.

या खंतीवर अनेकांस एकच औषध दिसत होतें, तें म्हणजे मोजमाप. भौतिकशास्त्राप्रमाणें आधीं सिद्धान्त मांडावा, प्रश्नावलींतून किंवा प्रयोगांतून आंकडे गोळा करावे आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर ते घासून पाहावे. या पक्षास हट्टी म्हणणें अन्यायाचें होईल. विद्यापीठांत जुन्या शास्त्रांच्या पंक्तीस बसावयाचें, तर कोणासही पडताळून पाहतां येईल असा पुरावा हवा, हें त्यांचें म्हणणें सर्वथैव रास्त होतें.

परंतु दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंही तितकेंच विचारणीय होतें. एखाद्या कचेरींत नवा संगणक आला आहे, अशी कल्पना करावी. दिवसास किती पत्रें निघतात, किती चुका होतात, हें मोजतां येईल. परंतु तेथील एक जुना कारकून यंत्रांत सर्व नोंदी करूनही टेबलाच्या खणांत आपली जुनी वही गुपचूप लिहीत असेल, तर त्याचा उलगडा कोणत्या आंकड्यानें व्हावयाचा? त्याचा यंत्रावर विश्वास नाहीं, कीं साहेबावर नाहीं, कीं त्या वहीवांचून आपली गरजच उरणार नाहीं अशी त्यास भीति वाटते? हें समजून घेण्यास त्याच्याजवळ बसावें लागतें, त्याचें बोलणें ऐकावें लागतें आणि त्या बोलण्याचा अर्थ लावावा लागतो. हा अर्थ म्हणजे पुरावा कीं केवळ गप्पा? वादाचें सारें मर्म येथें होतें.

असे वाद प्रौढ प्राध्यापकांस परवडतात. त्यांचीं पदें स्थिर असतात. खरी कसोटी लागते ती विद्यार्थ्याची. तीन-चार वर्षें खपून त्यानें एकाच कारखान्यांतील माणसांचा अभ्यास करावा, आणि परीक्षकानें ‘यांत आंकडे कोठें आहेत?’ असें विचारून प्रबंध बाजूस सारावा, तर त्याचे श्रम मातीमोल होतात. म्हणून संशोधनाची कोणती रीति मान्य आणि कोणती अमान्य, हा निर्णय तत्त्वज्ञानापुरता राहत नाहीं. कोणते प्रश्न विचारण्याची मुभा पुढच्या पिढीस मिळणार, हें त्यावरून ठरतें.

या परिसंवादाच्या ग्रंथाचें संपादन ज्या चौघांनीं केलें, त्यांत ज्येष्ठ होत्या एनिड ममफर्ड. त्यांचें चरित्र हेंच दुसऱ्या पक्षाचें बोलकें उदाहरण होय. १९२४ सालीं जन्मलेल्या या विदुषीनें लिव्हरपूल येथें समाजशास्त्राचें शिक्षण घेतलें, आणि प्राध्यापकी पत्करण्यापूर्वीं विमानांच्या व गजराच्या घड्याळांच्या कारखान्यांत नोकरी केली. पुढें लिव्हरपूलच्या गोदीकामगारांचा अभ्यास करावयाचा प्रसंग आला, तेव्हां त्यांनीं गोदींतील उपाहारगृहांत वाढपिणीचें काम धरलें व तेथें येणाऱ्या कामगारांशीं बोलून त्यांचें जिणें जाणून घेतलें. कोळशाच्या खाणींचा विषय निघाला, तेव्हां त्या प्रत्यक्ष भूगर्भांत उतरल्या. संगणकाच्या बाबतींतही त्यांचा आग्रह हाच राहिला कीं, जें यंत्र कारकुनास वापरावयाचें आहे, त्याच्या योजनेंत कारकुनाचा शब्द असलाच पाहिजे. या तत्त्वावर त्यांनीं ‘एथिक्स’ नांवाची कार्यपद्धति रचिली.

परिसंवादांत जे निबंध आले, त्यांत या भूमिकेचे निरनिराळे सूर ऐकूं येतात. रिचर्ड बोलंड यांनीं, माणसास स्वतःचा अनुभव जसा प्रतीत होतो तेथूनच अभ्यासाचा आरंभ व्हावा, असें प्रतिपादन केलें. ट्रेव्हर वुड-हार्पर यांनीं कृति-संशोधनाचा पुरस्कार केला. संशोधकानें दूर उभें न राहतां संस्थेची अडचण सोडविण्यास हात लावावा आणि त्या खटपटींतून ज्ञान मिळवावें, असा त्याचा आशय. हाइन्झ क्लाइन आणि फिनलंडचे काले ल्यूटिनेन यांनीं तर आपल्या निबंधास ‘विज्ञानवादाचें दारिद्र्य’ अशा अर्थाचा मथळा दिला. निसर्गविज्ञानाची रीति हीच ज्ञानाची एकमेव रीति, या समजुतीवर त्यांचा प्रहार होता. यांपैकीं ल्यूटिनेन हे त्या वेळीं स्वतःच अद्याप डॉक्टर व्हावयाचे होते. त्यांचा प्रबंध त्यानंतर दोन वर्षांनीं, १९८६ सालीं, पूर्ण झाला. एका विद्यार्थ्यानें प्रस्थापित मताशीं असा उघड सामना करावा, यांतच त्या परिसंवादाचा मोकळेपणा दिसून येतो. आणि एनिडबाईंनीं स्वतः काय लिहिलें? त्यांच्या एका लहानशा निबंधाचा मथळाच असा होता : ‘माणसांच्या प्रश्नांचें संशोधन : एका विद्यार्थ्यास कांहीं सल्ला.’

परिसंवाद संपला, १९८५ सालीं त्याचा ग्रंथ निघाला, आणि जग लगेच बदललें, असें मात्र झालें नाहीं. १९९१ सालीं वांडा ऑर्लिकोव्स्की व जॅक बारूडी यांनीं एक परखड पाहणी प्रसिद्ध केली. १९८३ पासून १९८८ पर्यंत प्रमुख ठिकाणीं प्रसिद्ध झालेले १५५ निबंध त्यांनीं तपासले. त्यांपैकीं शेंकडा ९६.८ निबंध मोजमापवादी विचारसरणीचे निघाले. माणसांच्या अनुभवाचा अर्थ लावणारे निबंध उरले ते शेंकडा ३.२, म्हणजे अवघे पांच! ज्या मंडळींनीं मोजमापाच्या एकछत्री सत्तेवर आक्षेप घेतला होता, त्यांची बाजू उजेडांत आणण्यास शेवटीं मोजमापच उपयोगी पडलें, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

पुढें वारें हळूहळू फिरलें. १९९९ सालीं क्लाइन यांनीं मायकेल मायर्स यांच्यासह, अर्थ लावणाऱ्या संशोधनाची पारख कशी करावी याचीं सात तत्त्वें मिनेसोटाच्या त्याच त्रैमासिकांत मांडलीं. या लेखाचें महत्त्व दुहेरी होतें. विद्यार्थ्यास त्यानें आधार दिला. परंतु चार माणसांशीं बोलून मनास येईल तें लिहिलें कीं झालें संशोधन, या सैलपणासही त्यानें लगाम घातला. त्याच वर्षीं या शास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें आजन्म सेवेचा गौरव करणारें पारितोषिक सुरू केलें आणि त्यास लायन्स कंपनीच्या त्या जुन्या यंत्राचें, लिओचें, नांव दिलें. पहिल्या मानकऱ्यांत लांगेफोर्स होते, तशाच एनिड ममफर्डही होत्या. २००४ सालीं, वीस वर्षांनंतर, तोच कार्यगट पुन्हां मँचेस्टरला जमला. त्यानंतर दोन वर्षांनीं एनिडबाई निवर्तल्या.

गुरूंनीं शिष्याचें अपुरें काम ऐकावें, त्यांतील उणीव सांगावी पण उमेद खचूं देऊं नये, ही प्रथा या शास्त्रानें आतां चांगलीच जोपासली आहे. स्कँडिनेव्हियांतील देशांत १९७८ पासून भरत आलेल्या चर्चासत्रांत तरुण संशोधकांचे कच्चे खर्डे इतरांनीं वाचून त्यांवर चर्चा करावयाची, अशी रीत आहे. फिलाडेल्फियास सुरू झालेल्या परिषदेसही डॉक्टरेटच्या निवडक विद्यार्थ्यांचा स्वतंत्र मेळावा जोडलेला असतो. ही परिषद डिसेंबर २०२३ मध्यें हैदराबाद येथें भरली, आणि चहाच्या दुकानांतून निघालेली ही विद्या भारताच्या अंगणांत येऊन उभी राहिली.

आपल्याकडील शास्त्रार्थांत पूर्वपक्ष आधीं नीट मांडल्यावांचून उत्तरपक्षास उभें राहतां येत नसे. मँचेस्टरच्या त्या तीन दिवसांचें श्रेय एखाद्या पक्षाच्या विजयांत शोधूं नये. आंकड्यांचें महत्त्व आजही ओसरलेलें नाहीं, आणि ओसरूंही नये. परंतु खणांत वही ठेवणाऱ्या कारकुनाचें म्हणणें हाही पुरावा होऊं शकतो, हें तेथें उघडपणें मांडलें गेलें, आणि तें लिहून आणणाऱ्या विद्यार्थ्यास पुढें परीक्षकासमोर उभें राहण्यास जागा मिळाली. शास्त्राची वाढ नव्या यंत्रांनीं होते हें खरेंच. पण कोणाचें ऐकावयाचें याची कक्षा रुंदावते, तेव्हांही ती होत असते.