साइट्स परवाना

संकटात आलेल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी लागणारा सरकारी परवाना. १९७३ मध्ये वॉशिंग्टनला झालेला साइट्स करार १९७५ पासून अमलात आला; भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. कराराच्या परिशिष्ट २ मधील जातींची निर्यात करण्यापूर्वी माल कायदेशीर मार्गाने मिळवला आहे आणि निर्यातीने जातीच्या अस्तित्वाला धोका नाही, याची खात्री करावी लागते.

परवान्याची खरी कसोटी बंदरावर नव्हे, उगमापाशी लागते. शिसवाची डॅल्बर्जिया प्रजाती २०१७ पासून परिशिष्ट २ मध्ये आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात घडवलेली शिसवी पेटी गावातच विकली, तर साइट्सचा संबंध येत नाही. ती परदेशी निघाली, की लाकूड कुठून आले याचे कागद हवेत. हस्तकला निर्यात संवर्धन परिषदेचे ‘वृक्ष’ प्रमाणपत्र याच कागदांवर उभे असते. छोट्या कारागिराला हा जाच होतो, ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच दर वस्तूमागे १० किलोपर्यंत लाकूड असलेल्या तयार वस्तूंना सूट मिळाली. चोर परवाना मागायला येतच नाही, हा आक्षेपही खरा. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा नरनाळा भाग अकोला जिल्ह्यात येतो. तिथल्या वाघाचे कातडे गेलेच, तर चोरवाटेनेच जाणार. वाघ परिशिष्ट १ मध्ये असल्याने त्याच्या व्यावसायिक व्यापाराला परवाना मिळतच नाही. पण नेमकी ही कागदाची उणीवच सीमाशुल्क अधिकाऱ्याला माल अडवण्याचा आधार देते. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमात साइट्ससाठी स्वतंत्र प्रकरण मात्र २०२२ च्या दुरुस्तीने, फारच उशिरा, आले. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.