चाकाचे माप

मालवाहू गाडीचे चाक केवढे असावे आणि जमिनीला टेकणारी त्याची कड किती रुंद असावी, हा प्रश्न आज टायरच्या दुकानात उभे राहून विचारला जातो आणि दुकानदार भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहून त्याचे उत्तर क्षणार्धात देतो. परंतु त्या तक्त्यातील आकड्यांच्या मागे सुताराच्या वाकसापासून रबराच्या साच्यापर्यंतचा जो दीर्घ इतिहास उभा आहे, त्याकडे आपल्या इतिहासलेखकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. लढाया, तह, सनदा आणि वंशावळी यांच्या दप्तरांत चाकाला जागा मिळू नये, हे मला खेदाचे वाटते. कारण ज्या मुलखात धान्य, कापूस आणि मीठ वाहून नेण्यास योग्य चाक नव्हते, त्या मुलखातील रयतेचे दैन्य हे पुष्कळ अंशी त्या अभावाचेच दैन्य होते. या इतिहासाचे अवलोकन करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा प्रत्ययास येते, ती अशी की, चाकाचे माप गाडीच्या मालकाने निवडले असे आपण म्हणतो खरे, पण त्याच्या आधी ते रस्त्याने आणि ओझ्याने ठरवून ठेवलेले असते.

पेशवाईच्या अस्तानंतरचा देशावरचा मुलूख डोळ्यांसमोर आणावा. लांब पल्ल्याची बहुतेक सर्व वाहतूक वंजारी आणि लमाण यांच्या पाठाळ बैलांवरून चाले. घाटवाटा आणि नदीउतार बैलाच्या खुरांना साधत, चाकाला साधत नसत. गाडा म्हणून जे वाहन होते, त्याची चाके एकसंध दगडाची वा लाकडाच्या भरीव तुकड्यांची असून त्यांच्या स्वतःच्या भारानेच बैल थकून जात आणि मालाचे ओझे ओढण्यास त्यांच्या अंगी त्राण उरत नसे. हे चाक अडाणीपणाचे लक्षण होते, असे मानण्याची घाई मात्र करू नये. जेथे बांधलेला रस्ताच नाही, वाट म्हणजे खडक, ओढा आणि काळी माती यांची एकामागून एक परीक्षा आहे, तेथे आऱ्यांचे हलके चाक पहिल्याच उतारावर निखळले असते. भरीव चाक मंद खरे, परंतु ते मोडत नसे. जशी वाट होती तसेच ते चाक होते.

हे चित्र पालटले ते एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात, आणि ते पालटण्यास दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी कारणीभूत झाल्या. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत, १८३० च्या नोव्हेंबर महिन्यात, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबईचे बंदर व पुण्याचे पठार यांच्यामध्ये चाकांची वाहतूक प्रथमच सुकर झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्या जमाबंदीची पाहणी सुरू केली. या पाहणीखात्यातील अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले की, सारा कितीही विचारपूर्वक बसवला तरी धान्य बाजारात नेण्याचे साधन नसेल तर रयतेच्या हाती रोकड येणार नाही; आणि म्हणून त्याच खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याने पदरचे पैसे खर्चून व पुष्कळ कष्ट घेऊन सुधारलेल्या बांधणीची गाडी सिद्ध केली आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरील टेंभुर्णी येथे अशा गाड्यांचा कारखाना उभा केला. तेथील मजबूत गाडी सुमारे चाळीस रुपयांस मिळे. आऱ्यांचे, लोखंडी धावेचे हे हलके चाक पुढे देशभर असे काही रुळले की ते मूळचेच आपले, अनादी कालापासूनचे, असा समज रूढ झाला. इंग्रजी राजवटीच्या पुष्कळ गोष्टींविषयी आपल्या मनात रास्त कटुता आहे. तरीही टेंभुर्णीच्या त्या कारखान्याचे ऋण मान्य करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण त्याने रयतेच्या खांद्यावरचे ओझे प्रत्यक्ष उतरवले.

परंतु आराखडा एका अधिकाऱ्याचा असला तरी ते चाक गावोगाव जन्मास घातले ते बलुतेदारांनी. सुतार बाभळीचा तुंबा कातून त्याला भोके पाडी, त्यांत आरे ठोकी आणि त्या आऱ्यांच्या टोकांवर वक्र पुठे बसवून वर्तुळ पुरे करी. येथवर चाक दिसावयास चाक होई, पण त्यात जीव नसे. तो जीव लोहाराने चढवलेल्या धावेने येई. चाकाचा घेर दोरीने मोजून लोखंडी पट्टीचे कडे त्या घेरापेक्षा सुमारे इंचभर कमी भरेल असे जोडावयाचे, गोवऱ्यांच्या आरात ते लाल होईपर्यंत तापवावयाचे, मग तिघाचौघांनी चिमट्यांनी उचलून जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर ते उतरवावयाचे, आणि पुठ्यांतून धूर निघत असतानाच घणाचे घाव घालीत व भोवतीने पाणी ओतीत ते बसवावयाचे, असा हा विधी असे. तापल्याने फुगलेले लोखंड निवताना आकसे आणि तुंबा, आरे व पुठे यांचे सगळे सांधे करकचून आवळी. त्या आवळण्याचा करकर आवाज ऐकून जाणता लोहार धाव बरोबर बसली की नाही ते सांगे. कडे इंचाऐवजी दोन इंच कमी भरले तर आरे वाकत, अर्धाच इंच कमी भरले तर उन्हाळ्यात लाकूड आटताच धाव निसटे आणि शेतकऱ्याला चाके ओढ्याच्या डोहात भिजत टाकावी लागत. हे गणित कोणत्याही पोथीत नव्हते, लोहाराच्या हाताच्या अंदाजात होते. आणि मापाची निवड म्हणजे काय, याचे याहून शुद्ध उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

या चाकाचा व्यास साधारणतः साडेचार-पाच फूट ठेवीत, याचे कारण असे की, मोठे चाक खळग्यात कमी उतरते, दगडावर सहज चढते आणि आख उंच राहिल्याने ओढ अधिक सरळ लागते. धाव मात्र अरुंद राही. लोखंड महाग, त्याचा भार बैलावर, आणि रुंद कडेला काळी चिकण माती लपेटून बसण्याची भीती. या अरुंद धावेने रस्त्यांचा मात्र जीव घेतला. सारा भार दीड-दोन इंचांच्या पट्टीवर आल्यामुळे मुरुमाच्या रस्त्यात खोल चाकोऱ्या पडत, आणि एकदा चाकोरी पडली की मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला तिच्यातूनच चालावे लागे. त्यामुळे दोन चाकांमधले अंतरही त्या टापूतल्या जुन्या गाड्यांप्रमाणेच ठेवणे सुताराला भाग पडे.

नेमका हाच अनुभव अमेरिकेतील शेतकऱ्यांनाही आला होता, आणि ज्या वाहनाला आज आपण पिकअप म्हणतो त्याच्या चाकाचे मूळ या अनुभवात आहे. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी गाडी १९०८ मध्ये बाहेर पडली तेव्हा तिच्या दोन चाकांतील अंतर ५६ इंच ठेवले होते, कारण तेथील घोडागाड्यांच्या चाकोऱ्या बहुधा तेवढ्या अंतराच्या होत्या. आणि दक्षिणेकडील राज्यांत त्या अधिक रुंद असल्यामुळे तिकडच्या गिऱ्हाइकांसाठी ६० इंचांची गाडी बरीच वर्षे वेगळी बनवली जाई. तिचे टायर व्यासाने ३० इंचांचे, पुढचे ३ इंच व मागचे साडेतीन इंच रुंदीचे असत, कारण माल आणि माणसे यांचा अधिक भार मागे पडे. उंच, अरुंद चाकाची ही निवड शेतातील चिखल आणि चाकोरी यांनी केलेली होती.

अधिक ओझ्यासाठी मात्र हवेच्या टायरावर कोणाचा भरवसा नव्हता. डनलॉप यांनी बेलफास्ट येथे १८८८ मध्ये हवेचा टायर सायकलीस लावून तीस वर्षे होत आली तरी मालमोटारी भरीव रबरावरच धावत. फोर्ड यांच्या १९१७ च्या एक टनी मालगाडीची मागची चाकेही आरंभी तशीच होती. त्याच वर्षी गुडइयर कंपनीने हवेच्या टायरांवरची मालमोटार अॅक्रनहून बॉस्टनला धाडली, आणि वाटेत वारंवार टायर फुटत असतानाही हा प्रयोग नेटाने चालू ठेवून हवा ओझे पेलू शकते हे सिद्ध केले. पुढे १९२३ मध्ये फायरस्टोन कंपनीने बलून टायर आणला. जुन्या टायरात पन्नास-साठ पौंडांपर्यंत हवा ठासावी लागे. या रुंद व मऊ टायरात तीस पौंडांच्या आसपास पुरे, आणि जमिनीवर त्याचा पसारा वाढल्याने धक्के व रुतणे दोन्ही कमी झाले. १९२५ च्या एप्रिलमध्ये फोर्ड यांनी मागे पोलादी हौदा जोडलेली मॉडेल टी २८१ डॉलरना विकावयास काढली, आणि कारखान्यातून तयार होऊन येणारा पिकअप शेतकऱ्याच्या अंगणात उभा राहिला.

यानंतरच्या दहा वर्षांत जे घडले ते या सर्व इतिहासातील मला सर्वांत विलक्षण वाटणारे प्रकरण आहे. साडेतीन इंची जुन्या टायराच्या आतील रिम २३ इंचांची होती; बलून टायराबरोबर ती २१ झाली, मग १९, १८, १७ आणि १९३५ च्या सुमारास १६ इंचांवर आली; परंतु टायराची जाडी त्याच प्रमाणात वाढत गेल्यामुळे जमिनीपासून मोजलेली चाकाची एकूण उंची २८ ते ३० इंचांच्या दरम्यानच राहिली. ४.४०-२१ या टायराची उंची काढा, ती तीस इंचांच्या जवळ भरते, ६.००-१६ ची काढा, ती अठ्ठावीस भरते. रस्ते सुधारले, इंजिने बदलली, पण खळग्यातून पार होण्यास आणि अंगणातला धोंडा पोटाखालून जाण्यास जी उंची लागते ती तीच राहिली. लोखंड घटले आणि त्याची जागा हवेने घेतली.

याच ६.००-१६ टायरांवर दुसऱ्या महायुद्धातील जीप धावली, आणि युद्ध संपल्यावर महिंद्र कंपनीने तिची जुळणी मुंबईत, माझगावला, सुरू केली तेव्हा हे माप महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आले.  मामलेदाराच्या फिरतीपासून भाजीच्या पाट्यांपर्यंत सर्व काही वाहणाऱ्या त्या जीपच्या पोटीच आपल्याकडील पिकअप जन्मास आला. बैलगाडीनेही हवेचा अंगीकार केला. मोटारीच्या टायरांवर बसवलेली बैलगाडी सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात टायरगाडी या नावाने रूढ झाली, आणि बीडकडून येणारे ऊसतोड कामगार आजही हंगामात तिच्यावर मोळ्यांचे डोंगर रचतात. ती हलकी चालते म्हणून तिच्यात दुप्पट-तिप्पट ऊस भरतात, आणि चढावर तो सारा भार त्याच दोन बैलांच्या मानेवर येतो. सुधारलेल्या चाकाचा लाभ बैलाला मिळण्याऐवजी ओझ्याला मिळावा, हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि कारखान्यांनी गाडीमागे भाराची मर्यादा घालून ती कसोशीने पाळली पाहिजे.

आजच्या पिकअपच्या टायरावर २१५/७५ आर १५ असे काही आकडे कोरलेले असतात: रुंदी २१५ मिलिमीटर, बगलेची उंची तिच्या ७५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिम १५ इंचांची. यातून एकूण उंची काढली तर ती पावणेअठ्ठावीस इंचांच्या आसपास येते, म्हणजे जीपच्या चाकापासून ती फारशी ढळलेली नाही. नारायणगावचे टोमॅटो किंवा लासलगावचा कांदा घेऊन रात्री वाशीच्या बाजाराकडे निघणाऱ्या गाडीला याहून वेगळे माप सहसा लागत नाही. अमेरिकेत मात्र पिकअप हे हौसेचे वाहन झाल्यापासून रिम पुन्हा वाढत १८ आणि २० इंचांवर गेली आहे, आणि तिचे अनुकरण आपल्याकडेही होऊ लागले आहे. रिम मोठी आणि बगल बुटकी झाली की खळग्याचा आघात सोसण्यास हवा कमी उरते, आणि भरल्या गाडीची रिम वाकते. ओझे वाहणाऱ्याने त्या वाटेस जाऊ नये.

टायर बदलण्यापूर्वी चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात छापलेले माप आणि हवेचे प्रमाण वाचावे. दुसरे माप घेणे भागच असेल तर नव्या चाकाची एकूण उंची जुन्यापेक्षा तीन टक्क्यांहून अधिक वेगळी नसावी, नाहीतर वेगाचा काटा खोटे सांगू लागतो. आणि टायराची भार पेलण्याची ताकद दाखवणारे, त्यावर कोरलेले भारांक व प्लाय रेटिंग मूळच्यापेक्षा कमी तर कधीच असू नयेत.