वारा, पाणी आणि वीजबिल : एका हरित संस्थेची वाटचाल

सोलापूरहून निघालेला महामार्ग नळदुर्गावरून पुढे हैदराबादला जातो. त्या टोकाला १४ जुलै २००४ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते एका कार्यालयाचे उद्घाटन झाले. संस्थेचे नाव सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर. तेव्हाचे आंध्र प्रदेश सरकार, पिरोजशा गोदरेज फाउंडेशन आणि सीआयआय ही उद्योजकांची संघटना यांनी मिळून ती उभारली आणि निसर्गरक्षणासाठी आयुष्यभर कळकळीने झटलेल्या सोहराबजींचे नाव तिला दिले. इमारत जेमतेम २०,००० चौरस फुटांची. पण उद्घाटनाआधीच, २००३ मध्ये, तिला हरित इमारतींच्या ‘लीड’ मानांकनातला प्लॅटिनम दर्जा मिळाला आणि अमेरिकेबाहेर हा मान मिळवणारी ती पहिली इमारत ठरली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचा कारभारही पुढे इथूनच चालू लागला.

बडोद्याचे वास्तुविशारद करण ग्रोव्हर यांनी मधोमध गोल चौक ठेवला आणि त्याच्याभोवती कचेऱ्या बसवल्या. भिंतींना जाळ्या दिल्या. जाळीतून उजेड येतो, वारा येतो, पण उन्हाची तिरीप थेट टेबलावर पडत नाही. दोन उंच वातमनोरे बाहेरची हवा खाली ओढतात. ती पाण्याच्या संगतीने आधीच गार होते आणि मगच एसीच्या यंत्राकडे जाते. यंत्राला भर उन्हाळ्यातली तापलेली हवा गार करायचीच नसल्याने त्याचे काम हलके होते. छतावर बाग आणि सौरपट्ट्या आहेत, तर सांडपाणी वनस्पतींच्या मुळांतून गाळून पुन्हा वापरले जाते. नेहमीच्या पद्धतीने बांधलेल्या तेवढ्याच इमारतीच्या तुलनेत विजेची बचत निम्म्याहून जास्त.

हे सगळे वाचताना नळदुर्गकराला पाणीमहाल आठवल्याशिवाय राहणार नाही. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातच हा महाल बांधला गेला. पायऱ्या उतरून आत गेले की चहूबाजूंनी जाड दगड, मागे साठलेले पाणी आणि समोर खिडकी. पावसाळ्यात बंधारा भरून वाहू लागला की खिडकीसमोर पाण्याचा पडदा पडतो आणि आतला माणूस कोरडा राहतो. तो महाल विलासासाठी होता, हैदराबादची इमारत कामासाठी आहे. पण दगड, सावली, वारा आणि पाणी यांना आधी कामाला लावायचे, ही समज दोन्हीकडे एकच आहे.

संस्थेला पहिली लढाई द्यावी लागली ती खर्चाशी. या पहिल्या इमारतीला नेहमीपेक्षा सुमारे १८ टक्के जादा खर्च आला आणि तो वसूल व्हायला सात वर्षे लागतील असा हिशेब होता. २००५ च्या सुमारास गुरगावात विप्रोची हरित इमारत झाली तेव्हा जादा खर्च आठ टक्क्यांवर आला होता आणि वसुलीचा काळ पाच वर्षांवर. माल देशात मिळू लागला, कारागिरांचा हात बसला. पुढे पुण्यात हडपसरला ख्रिस्तोफर बेनिंगर यांनी सुझलॉनचे ‘वन अर्थ’ संकुल उभे केले आणि महाराष्ट्रालाही जवळचा नमुना मिळाला.

मला मात्र विजेच्या युनिटांपेक्षा आत बसणारी माणसे महत्त्वाची वाटतात. कचेरीच्या खर्चात वीज थोडी असते, पगार फार मोठे असतात. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी कर्मचाऱ्यांना वेगवेगळ्या हवेच्या खोल्यांत बसवून त्यांच्या निर्णयक्षमतेच्या चाचण्या घेतल्या. खोली कोणत्या दर्जाची आहे, हे त्यांना सांगितले नव्हते. हरित इमारतीसारख्या हवेत त्यांचे गुण सरासरी ६१ टक्क्यांनी जास्त आले, ताजी हवा आणखी वाढवल्यावर जवळजवळ दुप्पट झाले. कोंदट खोलीत दुपारी तीनला येणारी गुंगी हा आळस नव्हे. दारे-खिडक्या बंद करून एसी लावणाऱ्या प्रत्येक मालकाने हे लक्षात घ्यावे.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला एक दुखरी बाजू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली. उमरगा-लोहारा भागाने ते भोगले. त्यानंतर लोकांनी जाड भिंतीवरचा विश्वास काढून घेतला, यात त्यांचे काय चुकले? पण माळवदाबरोबर उन्हाळ्यातला गारवाही गेला. आता रस्त्याकडेला सिमेंटच्या खांबांवर पातळ भिंतींचे गाळे उभे राहतात, पुढे काच बसते. पश्चिमेचे ऊन आत आले की त्याच काचेवर आतून वर्तमानपत्र चिकटवायचे आणि भर दिवसा दिवे लावायचे. पैसे काचेलाही जातात, दिव्यांनाही. सिमेंटचा सांगाडा हवाच, तिथे तडजोड नाही. छतावर पांढरा थर, पश्चिमेला खोल छज्जा, समोरासमोर झडपा आणि मागे छोटा चौक त्या सांगाड्यात सहज बसतात.

संस्थेच्या वाटचालीतला मला सर्वांत उपयोगी वाटणारा टप्पा जुन्या इमारतींचा आहे. कौन्सिलने चालू इमारतींसाठीही मानांकन आणले. मुंबईतले गोदरेज भवन १९७२ सालचे. २०१० मध्ये तिथली वातानुकूलन यंत्रणा बदलली, दिवे बदलले, आणि खर्च सुमारे पाच वर्षांत निघेल असा हिशेब मांडला गेला. इमारत पाडावी लागली नाही. नळदुर्गातल्या पतसंस्थांनी, दवाखान्यांनी आणि दुकानदारांनी सुरुवात याच मार्गाने करावी : आधी वर्षभराची वीजबिले काढून महिनावार मांडावीत, मग छत आणि पश्चिमेची बाजू सांभाळावी, आणि एसी किती टनांचा घ्यायचा ते त्यानंतर ठरवावे.