बिशप लाउथ आणि पाच पर्याय

परदेशातील व्यवस्थापन-शिक्षणासाठी ज्यांनी जीमॅट ही परीक्षा दिली असेल, त्यांना तिच्यातील वाक्यशुद्धीचा प्रश्न सहसा विसरता येत नाही. एक लांबलचक वाक्य, त्याचा काही भाग अधोरेखित, आणि खाली पाच पर्याय. पहिला पर्याय म्हणजे मूळ वाक्यच. वाक्य निर्दोष वाटले तर तो निवडायचा, नाहीतर उरलेल्या चारांतून एक. १९५४ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालेल्या आणि १९७६ पासून जीमॅट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या परीक्षेची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली, तीत हा प्रश्नप्रकार ठेवला गेला नाही. जानेवारी २०२४ अखेर जुनी आवृत्तीही बंद झाली. एका अर्थी हा प्रश्नप्रकार आता इतिहासजमा झाला आहे. तेव्हा त्याची वंशावळ तपासून पाहण्यास हरकत नसावी.

या प्रश्नांत दोन दोष वारंवार भेटत. पहिला समांतरतेचा. 'द मॅनेजर वॉज आस्क्ड टु प्रिपेअर द बजेट, टु मीट द क्लायंट्स अँड फॉर सायनिंग द कॉन्ट्रॅक्ट' या वाक्यात पहिली दोन अंगे एका घडणीची आहेत आणि तिसरे वेगळ्या. तिथे 'टु साइन' हवे. दुसरा दोष 'इडियम'चा. मराठीत आपण या शब्दाचे भाषांतर 'वाक्प्रचार' असे करतो, पण इथे अभिप्रेत आहे ती भाषेची रूढ धाटणी: कोणत्या क्रियापदाला कोणते शब्दयोगी चालते, कोणते चालत नाही. 'रिगार्ड'ला 'अ‍ॅज' लागतो, 'कन्सिडर'ला मात्र या परीक्षेच्या दृष्टीने तो लागत नाही. अर्थ जवळजवळ एकच. मग हा भेद का? याला उत्तर नाही. पहिल्या दोषाचे कारण सांगता येते, दुसऱ्याचे केवळ पाठ करता येते. तरीही दोन्ही एकाच प्रश्नात, एकाच गुणाला, शेजारी-शेजारी बसवलेले असत.

या दोन्ही गोष्टींचा उगम शोधू लागलो, तर आपण अठराव्या शतकातील एकाच माणसापाशी येऊन थांबतो. ते म्हणजे रॉबर्ट लाउथ (१७१०–१७८७). १७४१ ते १७५० या काळात ते ऑक्सफर्डला काव्याचे प्राध्यापक होते, आणि पुढे १७७७ पासून लंडनचे बिशप. हिब्रू पवित्र काव्यावरील त्यांची लॅटिन व्याख्याने १७५३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. हिब्रू कवितेत आपल्या ओळखीचे वृत्त सापडत नाही, मग ती कविता कशामुळे ठरते, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर साहित्यविचारात टिकून राहिले. ओळीचे दोन भाग परस्परांशी तोलले जातात. कधी दुसरा भाग पहिल्याचाच आशय वेगळ्या शब्दांत सांगतो, कधी त्याला विरोध करतो, कधी त्याला पुढे नेतो. १७७८ मधील यशयाच्या भाषांतराच्या प्रस्तावनेत त्यांनी 'समांतरता' ही संज्ञा अधिक नेमकी केली. विसाव्या शतकात रोमन याकोब्सन यांच्यासारख्या भाषाविदाने समांतरतेचा विचार मांडताना लाउथ यांचे ऋण मानले आहे.

याच लाउथ यांनी १७६२ मध्ये इंग्रजीचे एक छोटेखानी व्याकरण लिहिले. त्यावर सुरुवातीला लेखकाचे नाव नव्हते. बरोबर काय ते सांगण्याबरोबरच चूक काय ते दाखवले तर विषय अधिक स्पष्ट होतो, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून तळटीपांतून त्यांनी चुकलेली वाक्ये दिली, आणि ती कुणा शाळकरी मुलाची नव्हेत: शेक्सपिअर, मिल्टन, स्विफ्ट, पोप, अ‍ॅडिसन यांची, आणि बायबलच्या अधिकृत इंग्रजी भाषांतराचीही. थोर लेखकांचे वाक्य समोर ठेवून त्यातील दोष शोधण्याची ही सवय इंग्रजीच्या अध्यापनात इथून खोलवर रुजली.

मात्र लाउथ यांना रूढीची जाण होती, हे विसरता कामा नये. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येणे हा इंग्रजीचा स्वाभाविक कल आहे, बोलण्यात तो शोभतो, गंभीर लेखनात ते आधी घेणे अधिक डौलदार, एवढेच त्यांचे म्हणणे. आणि गंमत अशी, की इंग्रजीचा या प्रयोगाकडे कल आहे हे सांगणारे त्यांचे वाक्य स्वतःच शब्दयोगी अव्ययाने संपते. विनोद म्हणा किंवा सहजता म्हणा, नियम सांगणारा माणूस रूढीच्या बाजूला थोडा झुकलेला दिसतो.

त्यांच्यानंतर आले लिंडली मरे. जन्माने पेनसिल्व्हेनियाचे, पेशाने न्यूयॉर्कमधील वकील, आणि उत्तरायुष्यात इंग्लंडमधील यॉर्क येथे स्थायिक झालेले क्वेकर. यॉर्कमधल्या मुलींच्या एका शाळेसाठी त्यांनी लिहिलेले व्याकरण १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले. लाउथ यांच्याकडून त्यांनी भरपूर घेतले. ते लाउथ यांचे वरील वाक्यही घेतात, पण घेताना ते दुरुस्त करतात: शेवटचे अव्यय उचलून आधी नेऊन ठेवतात. रूढीविषयीचे वाक्य रूढीच्या विरोधात शुद्ध झाले. वाक्यशुद्धीच्या परंपरेचे सार या एका दुरुस्तीत सापडते, असे मला वाटते.

मरे यांच्याच पुस्तकात वाक्याचे सर्व भाग परस्परांशी जुळते असावेत आणि रचना अखेरपर्यंत एकसारखी राहावी, असा नियम आहे. म्हणजे काव्यात जे वर्णन होते, ते इथे कर्तव्य झाले. १७९७ मध्ये त्यांनी अभ्यासाचे स्वतंत्र पुस्तक काढले. त्यात चुकीची वाक्ये, आणि सोबत उत्तरांची वेगळी किल्ली. तळटीपेत असलेले अशुद्ध वाक्य आता विद्यार्थ्याच्या पाटीवर आले.

या घडामोडींचा आपल्याशी संबंध नाही असे नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणांचा साचा होता. आपल्या शालेय प्रश्नपत्रिकेतील 'वाक्य शुद्ध करून लिहा' हा प्रश्नही त्या पद्धतीशी नाते सांगतो.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. कॉर्नेलमधील प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ मध्ये शैलीविषयी एक लहान पुस्तक काढले. सारख्या आशयाला सारखे रूप द्यावे, हा त्यातील एक नियम. आणि त्याची परिचित उदाहरणे म्हणून ते दहा आज्ञा, येशूची धन्यवचने आणि प्रभूची प्रार्थना यांच्याकडे बोट दाखवतात. लाउथ यांची समांतरता अशा रीतीने बायबलच्या वाटेनेच महाविद्यालयीन लेखनवर्गात पोहोचली. याच सुमारास बहुपर्यायी प्रश्न रूढ होऊ लागले होते, आणि १९३८ मध्ये उत्तरपत्रिका तपासणारे आयबीएमचे यंत्र आले. यंत्राला विद्यार्थ्याने लिहिलेले वाक्य वाचता येत नव्हते, काळा केलेला ठिपका मात्र मोजता येत होता. मरे यांच्या विद्यार्थ्याला निदान नवे वाक्य लिहावे लागे. आता ते निवडणे पुरेसे झाले.

या प्रवासात काय हरवले? समांतरतेपुरते सांगायचे तर, तिचा अर्धा भाग. जेम्स क्यूगल यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की हिब्रू ओळीचा दुसरा भाग पहिल्याची निव्वळ पुनरुक्ती नसतो. तो काहीतरी वाढवतो, धार लावतो. दोन अंगे सारखी दिसतात ती त्यांच्यातील फरक उठून दिसावा म्हणून. आपल्या म्हणीतही हेच घडते. 'आधी पोटोबा, मग विठोबा' यातील तोल सारखा आहे म्हणूनच त्यातील थट्टा लागते. 'खायला काळ, भुईला भार' यात तर क्रियापदही नाही, आणि तरी वाक्य पुरे आहे. परीक्षेने सारखेपणा तपासला. त्या सारखेपणाच्या आडून काय बोलले जाते, हा प्रश्न पाच पर्यायांत मावणारा नव्हता.

इडियमचे नुकसान वेगळ्या प्रकारचे. रूढी म्हणजे एका समाजाची स्मृती, ती तिथे राहून अंगवळणी पडते. मराठीत आपण एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो, म्हणून आपला विद्यार्थी 'डिस्कस अबाउट' लिहितो. आपल्याकडे लग्न कुणा'शी' होते, म्हणून तो 'मॅरीड विथ' म्हणतो. आपण कुत्र्या'ला' भितो आणि माणसा'वर' रागावतो, याचे कारण विचारले तर आपल्यालाही सांगता येणार नाही. परीक्षेत असा प्रयोग तर्काची चूक म्हणून मोजला जाई. वास्तविक ती दुसऱ्या घरात वाढल्याची खूण असते. ती दुरुस्त करावी, हे मान्य. पण ती बुद्धीची उणीव नव्हे, हे शिक्षकाने एकदा तरी वर्गात म्हणायला हवे.

याचा अर्थ दुरुस्ती व्यर्थ आहे असा नाही. तुटलेली समांतर रचना वाचकाला खरोखरच अडखळवते, आणि तो अडथळा ओळखता येणे ही वाचनाचीही तयारी आहे. वर्गात मात्र पाच पर्यायांच्या पुढे एक प्रश्न विचारता येईल: दुरुस्तीने वाक्याचे काय मिळवले आणि काय घालवले? मरे यांनी बदललेले लाउथ यांचे वाक्य त्यासाठी फळ्यावर लिहावे. दोन्ही रूपे शेजारी ठेवावीत. शुद्ध कोणते, याचे उत्तर विद्यार्थी चटकन देतील. त्यांतले कोणते स्वतःविषयी खरे बोलते, हे शोधायला त्यांना थोडा वेळ द्यावा.